गावाची फिल्म करताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॅनडाचे दिग्दर्शक गाय मॅडिन यांच्या ‘माय विनिपेग’ (२००७) या माहितीपटावर मागच्या अंकात लेख होता. स्वतःचं शहर, स्वतःची आई, लहानपणचं घर आणि या सगळ्यात खऱ्याच्या बरोबरीने मिसळलेलं स्वप्न, अशी ती फिल्म. लेख वाचून कोकणातून आणि कोकण सोडून गेलेल्यांकडूनही पत्रं आली. बहुतेकांना आपल्या गावावर अशी फिल्म करायची आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमचं गाव साधं. किल्ला नाही, प्रसिद्ध देऊळ नाही. अशा गावावर स्वप्नासारखी फिल्म कशी करायची? (वाचक, गुहागर तालुका)

सुरुवात कॅमेऱ्याने करू नका, दप्तराने, म्हणजे जुन्या नोंदींनी करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० सालचा आहे आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. रायगडकरांनी अकरावा खंड, कुलाबा-जंजिरा, १८८३ चा पाहावा. तुमचं गाव त्यात नसलं तरी जवळचं बंदर, खाडी, जत्रा सापडेल. नंतर तलाठ्याकडून आपल्या घराच्या जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. कोणाचं नाव कमी झालं, कोणाचं चढलं, कोणत्या बहिणीचं चढलंच नाही, हे सगळं फेरफारात दोन ओळींत लिहिलेलं असतं. तिसरी जागा म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो. गावातली पोरं मुंबईला कशी गेली, त्याचा माग तिथे लागू शकतो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि फक्त आपल्या घरातल्या माणसांच्या नोंदी मागा. दुसऱ्यांच्या नोंदींवर कॅमेरा धरू नका.

राहिला प्रश्न स्वप्नाचा. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला गावपळण असते तेव्हा सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो आणि घरं उघडी-मोकळी पडतात. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. शिमग्यात उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर काळ्या अंगरख्यात दारात येऊन उभा राहतो. हे कोणी रचलेलं नाही. तुमच्या वाडीतही असं काही असणारच. फक्त रोजचं झाल्यामुळे ते दिसत नाही.

असं जे सापडेल ते कार्डांवर उतरवा. एका कार्डावर एकच गोष्ट लिहा आणि खाली तीन ओळी जोडा: नेमकी जागा कोणती, माणूस कोण, हाताला लागणारी वस्तू कोणती. ज्या कार्डावर वस्तूची ओळ रिकामी राहील ते बाजूला ठेवा. ‘गावाची शांतता’ला वस्तू नाही. ‘आजीने गडग्यात लपवलेली किल्ली’ला आहे. वीस मिनिटांच्या फिल्मला अशी बारा ते पंधरा कार्डं पुरतात.

प्रश्न: खरं आणि रचलेलं मिसळलं तर ती प्रेक्षकांची फसवणूक नाही का? मर्यादा कुठे आखायची? (वाचक, मालवण)

फिल्म पहिल्या पाच मिनिटांत आपली रीत उघड करते की नाही, यावर ते ठरतं. ‘माय विनिपेग’मध्ये दिग्दर्शकाच्या आईचं काम अॅन सॅव्हेज ही जुनी हॉलिवूड अभिनेत्री करते. तिला समोर ठेवून लहानपणचे प्रसंग पुन्हा उभे केले जातात. ते उभे करणं फिल्म लपवत नाही, त्यामुळे प्रेक्षक सावध होऊन बसतो. गंमत पुढे आहे. त्याच फिल्ममध्ये शहरावर नाझी सैन्याने कब्जा केल्याचा प्रसंग येतो. तो बनावट वाटतो, पण १९ फेब्रुवारी १९४२ रोजी विनिपेगमध्ये युद्धकर्ज उभं करण्यासाठी तसा खोटा हल्ला खरोखरच घडवून आणला होता. खरं खोट्यासारखं वाटावं आणि खोट्यातून घरातलं खरं बाहेर यावं, ही या प्रकाराची ताकद आहे.

कोकणातलं उदाहरण विजयदुर्गाचं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला असं सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात मात्र १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन हे गुंटूरला होते आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली, अशी नोंद आहे. अशा फिल्मने यातलं काहीही खोडून काढायची गरज नाही. ओट्यावर उभं राहून गावकरी जे सांगतो ते पूर्ण ऐकवा, मग निवेदनात दप्तरातली तारीख वाचा आणि पुढे जा. दोन्ही शेजारी ठेवली की गावाला ती गोष्ट का हवी आहे हे दिसतं.

मर्यादा आमच्या मते तीनच. रचायचं ते स्वतःच्या घराबद्दल रचा, शेजाऱ्याच्या नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालायचं तर ते नटाच्या तोंडून घाला, त्याच्या फोटोवर आवाज चढवून नको. आणि कोणावरही करणी, चेटूक केल्याचा आळ येईल असं दृश्य, नाव न घेतासुद्धा, ठेवू नका. वाडीत माणूस कोण ते लगेच ओळखतात. असल्या आळांमुळे माणसांचे हाल होतात आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

प्रश्न: आईची भूमिका कोणाकडून करून घ्यावी? गावात नटी मिळत नाही. (वाचक, कुडाळ)

तुमच्याकडे दशावतार आहे. स्त्रीपार्टी करणारा चांगला कलाकार आई म्हणून घ्या. पुरुषाने लुगडं नेसून आईचं बोलणं बोलावं, हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणी चमकवतं आणि दहाव्या मिनिटाला ते विसरायला होतं. या कलाकारांना लिखित संवाद देऊ नका. दशावतारात संवाद रंगमंचावरच रचले जातात, तीच त्यांची विद्या आहे. त्यांना प्रसंग द्या, आईच्या चार सवयी द्या, तिच्या तोंडी येणारे पाच शब्द द्या, आणि दहा-बारा मिनिटं कॅमेरा न थांबवता बोलू द्या. तारखा पावसाळ्यात धरा. तुळशीच्या लग्नापासून पुढे जत्रांचा हंगाम सुरू झाला की रोज रात्री नाटक असतं, दिवसा ते झोपेत असतात. मानधन आधी ठरवा आणि मंडळाच्या मालकाच्या कानावर घाला.

प्रश्न: घर बंद आहे, आईवडील नाहीत. हाताशी भिंतीवरच्या तसबिरी आणि १९९१ सालच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. (वाचक, डोंबिवली, मूळ गाव राजापूर तालुका)

कॅसेट आधी व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीतून टेपच्या रिळाची कड टॉर्चने पाहा. पांढरे ठिपके किंवा कापसासारखी साय दिसली तर ती बुरशी आहे. कोकणातल्या कपाटात राहिलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी टेप चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते, चित्रात हिमवर्षाव होतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. टेप उन्हात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर काही दिवस कोरडी होऊ द्या आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच न्या.

डिजिटल करून घेताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, असं मूळ मापात मागा. दुकानदार अनेकदा चित्र ताणून रुंद करून देतात, मग नवरानवरी बुटकी दिसतात. चित्राचं ४:३ हे प्रमाण तसंच ठेवा, बाजूला काळं राहिलं तर राहू दे. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर एडिटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा.

तसबिरीची काच उघडून फोटो ओढू नका. दमटपणाने फोटोचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकटच कॅमेऱ्याने घ्या: तसबीर भिंतीला टेकवून उभी, दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेऱ्यापुढे भिंगापुरतं भोक ठेवलेलं काळं कापड, म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का, शाईतली तारीख तिथेच असते.

प्रश्न: जुना फोटो घराच्या भिंतीवर किंवा पडद्यावर पाडून त्यासमोर माणूस उभा करायचा आहे. थोडक्यात कृती द्या. (वाचक, देवगड)

या पद्धतीने घरच्या घरात सगळ्यात मोठा परिणाम मिळतो, म्हणून थोडक्यात न सांगता नीट सांगतो.

भिंतीवर समोरून पाडलं तर माणसाची सावली पडते आणि फोटो त्याच्या अंगावर येतो. तेच हवं असेल तर ठीक. नाहीतर मागून पाडा. माजघर आणि ओटी यांच्या मधल्या दारात किंवा पडवीच्या दोन खांबांमध्ये मांजरपाट ताणून बांधा. वरून काठी, खालून काठी, सुरकुती राहता कामा नये. प्रोजेक्टर कापडामागे. त्याच्या मेनूत ‘रीअर’ निवडा, नाहीतर चित्र आरशासारखं उलटं येतं आणि फोटोतली दुकानाची पाटी वाचता येत नाही. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ३ मीटरवरून २ मीटर रुंद चित्र मिळतं. कोकणी घरात मागे तीन मीटर जागा मिळणं हीच खरी अडचण असते, म्हणून खोली मोजूनच प्रोजेक्टर भाड्याने घ्या. ३००० ल्युमेन पुरे. डीएलपी प्रकारच्या प्रोजेक्टरपेक्षा थ्रीएलसीडी प्रकारचा बरा. डीएलपीत रंगांचं चाक फिरत असतं आणि शटर जलद झालं की चित्रात रंगीत पट्टे येतात.

कापडावर फवाऱ्याने साधं पाणी मारा. ओल्या धाग्यातून उजेड जास्त आरपार येतो आणि चित्र एकदम खुलतं. वाळलं की पुन्हा फिकं पडतं, म्हणून प्रत्येक टेकआधी मारा. वायर आणि बोर्ड कापडापासून लांब, जमिनीवर नाही, पाटावर.

माणूस कापडाच्या पुढे एक ते दीड मीटर. त्याच्यावरचा दिवा बाजूने आणि असा की त्याचा उजेड कापडावर सांडणार नाही. सांडला की फोटोतलं काळं राखाडी होतं आणि सगळी जादू जाते. त्या दिव्याला साधा पिवळा बल्ब लावा. प्रोजेक्टरचा उजेड निळसर असतो, माणूस उबदार आणि मागचा फोटो थंड दिसतो. कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५०, एफ २.८, आयएसओ ४०० ते ८०० पासून पाहायला लागा. कापडाच्या मध्यावर पांढरा डाग दिसला तर तो प्रोजेक्टरचं भिंग कॅमेऱ्याच्या सरळ रेषेत आल्याने दिसतो. प्रोजेक्टर खाली घेऊन वर झुकवा किंवा डाग नटाच्या पाठीमागे लपेल असा उभा करा.

दिव्याचा प्रोजेक्टर वीज गेल्याने अचानक बंद पडला तर गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. संध्याकाळी व्होल्टेज नाचतं तिथे छोटा यूपीएस जोडा.

प्रश्न: फिल्म कृष्णधवल करावी का? (वाचक, वेंगुर्ले)

करा, पण बटण दाबून नको. नुसता रंग काढला तर जांभ्याची भिंत आणि माडाची पानं एकाच राखाडी रंगात विरघळतात. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मिक्सर मोनोक्रोमवर ठेवा आणि लाल १० टक्के, हिरवा व निळा ४५-४५ टक्क्यांच्या आसपास आणा. जांभा काळसर होतो, आभाळ पांढरं होतं, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते. जुन्या काळच्या लाल न ओळखणाऱ्या फिल्मसारखं हे चित्र दिसतं. मात्र कुंकू, ओठ आणि देवीचा लाल वस्त्रसाज पूर्ण काळे होतील. देवीच्या दृश्यात लाल पुन्हा वाढवा, लोकांना काळी देवी खटकते.

प्रश्न: पावसात आणि समुद्रावर शूटिंग करताना काय बिघडतं? (वाचक, हर्णै)

पाऊस डोळ्याला दिसतो तेवढा कॅमेऱ्याला दिसत नाही. उजेड पावसाच्या मागून आणि पाठीमागे काळोखी जागा, उदाहरणार्थ मांगराचं उघडं दार, असेल तरच धारा उमटतात. १/५० शटरला रेघा येतात, १/२५० ला थेंब सुटे दिसतात. स्वप्नासाठी रेघा चांगल्या.

एसी गाडीतून थेट बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका. कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेवर येऊ द्या. रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. साठच्या वर राहिला की भिंगाच्या आत बुरशीचं जाळं धरायला लागतं.

खारा वारा लागलेली काच कोरड्या कापडाने घासाल तर मिठाचे कण चरे पाडतील. गोड्या पाण्याने किंचित ओल्या कापडाने आधी टिपा. पुळणीवर ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा, बारीक पाय आधी बाहेर काढा, म्हणजे वरची कुलपं वाळूपासून लांब राहतात. घरी येऊन पाय गोड्या पाण्याने धुवा.

मोठ्या बोटी पाण्यात हव्या असतील तर १ जून ते ३१ जुलै सोडून या. त्या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या हव्या असतील तर नेमकं तेव्हाच या.

प्रश्न: ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर एक दृश्य आहे. वेळ कशी काढायची? (वाचक, अलिबाग)

तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन: भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी सव्वानऊला. रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकतं. खडक जास्तीत जास्त उघडा हवा तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण धरा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार उतरत नाही. हा ठोकताळा आहे, किनाऱ्यागणिक मागेपुढे होतं. दिवस ठरवताना भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक आणि तिथला कोळी, दोघांनाही विचारा. पाणी वळल्यावर खडकावर थांबू नका.

प्रश्न: निवेदन कोणत्या बोलीत करावं? आणि घरात रेकॉर्डिंग स्वच्छ कसं येईल? (वाचक, संगमेश्वर)

ज्या बोलीत तुम्ही घरी भांडता त्या बोलीत. प्रमाण मराठीत लिहून मग संगमेश्वरीत ‘वळवलेलं’ निवेदन लगेच कळतं, क्रियापदं बोलीतली आणि वाक्य पुस्तकी. आधी फोनवर बोलून घ्या, मग तेच उतरवून काटछाट करा. एका मिनिटाला ११० ते १३० शब्दांपेक्षा जास्त नको. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये आठ मिनिटं निवेदन धरलं तर हजार शब्दांच्या आत राहा.

रेकॉर्डिंग रात्री दोन ते चारमध्ये, पंखा आणि फ्रिज बंद. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, मागे-पुढे गोधड्या टांगलेल्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाची उंची उणे १२ डेसिबलच्या आसपास.

कोकणात खरा त्रास रातकिड्यांचा आणि गाजेचा. सातला घेतलेला शॉट नऊच्या शॉटला जोडला की रातकिड्यांचा सूर बदलतो आणि कट कानाला टोचतो. म्हणून प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं कोणी न बोलता नुसता आवाज घ्या आणि एडिटिंगमध्ये तो एकच पट्टा सगळ्या दृश्याखाली सलग अंथरा. समुद्राची गाज बोलण्यातून नंतर काढता येत नाही. किनाऱ्यावर माणूस दाखवा, त्याचं बोलणं घरात घ्या. कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस वेगवेगळे टिपा. घर कौलारू आणि आवाज पत्र्याचा, ही चूक कोकणी प्रेक्षक माफ करत नाही.

प्रश्न: पालखी, देवराई, किल्ला, ड्रोन: परवानगी कोणाची? (वाचक, रत्नागिरी)

पालखीसाठी आधी गावकर आणि मानकऱ्यांना भेटा, गुरवांना वेगळं भेटा. शिमग्याच्या बैठकीत विषय निघाला तर बरं, आयत्या वेळी विचारलं तर नाही म्हणणंच सोपं असतं. काही ठिकाणी देवाला कौल लावतील. कौल मिळाला नाही तर वाद घालू नका, ते दृश्य सोडा. गाभारा आणि अंगात आलेल्या माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय घेऊ नये.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे शूटिंगला आधी लेखी परवानगी लागते. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, चिपी आणि रत्नागिरी विमानतळांच्या आसपास नाही. जांभ्याच्या सड्यावर आणखी एक गोष्ट: दगडात लोह असतं. देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पावर होकायंत्राची सुई भरकटते. ड्रोनने कंपासची तक्रार केली तर तिथून उडवू नका, जागा बदला. आणि कातळशिल्पांवर पाय, ट्रायपॉड, खडूच्या रेघा, काहीही नको.

प्रश्न: फिल्म गावात दाखवायची आहे. कधी आणि कशी? (वाचक, चिपळूण)

फिल्ममध्ये जे दिसतात त्यांना आधी घरी बसवून दाखवा, आणि कोणी काही काढायला सांगितलं तर काढा. थिएटरात किंवा जाहीर खेळ लावायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. घरच्या खळ्यात आपल्या माणसांना बोलावून दाखवणं वेगळं.

गणपतीत चाकरमानी आलेले असतात, तेव्हा धरा. आरती आणि भजनाच्या वेळा वाडीवाडीत विचारून मगच वेळ सांगा. सप्टेंबरात पावणेआठपर्यंत पुरता काळोख होतो. पांढऱ्या पडद्यामागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जाऊन चित्र फिकं दिसतं. पावसाची सर येणारच, म्हणून प्रोजेक्टर पडवीत आणि पडदा खळ्यात असं लावा. लोक जमिनीवर आणि खुर्च्यांवर मिळून बसतात, पुढच्यांची डोकी मध्ये येतात. त्यामुळे या खेळापुरती सबटायटलं पडद्याच्या वरच्या बाजूला घातलेली वेगळी प्रत काढून ठेवा.